चोवीस ज्येष्ठ, एक दिवस आणि जेनोवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून आई-बाबांच्या सोसायटीतली चोवीस मंडळी येताहेत, बहुतेक साठ ते पंच्याहत्तरची. तुम्ही मिलानमध्ये नोकरीला, म्हणून त्यांचा मुक्काम तिथेच. एक दिवस ‘इटलीचा समुद्र’ म्हणून जेनोवाला न्यायचं आहे. ट्रेन की बस, काय पाहायचं, आठ शाकाहारी आणि दोन जैन मंडळींच्या जेवणाचं काय, आणि त्याच दिवसात पोर्टोफिनो हे समुद्रकाठचं गाव ‘उरकता’ येईल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पोर्टोफिनो बसणार नाही. तिथे रेल्वे स्टेशनच नाही. सांता मार्गेरिता लिगुरेपर्यंत ट्रेन, मग पुढे बस नाहीतर बोट, आणि येताना हेच उलट. पाठीवर सॅक घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपं दोन्ही ठिकाणं एका दिवसात करेल. चोवीस जण करणार नाहीत. केलीच तर त्यांना आठवेल ती फक्त धावपळ.

मी सतरा वर्षं टूर मॅनेजर आहे आणि माझं सगळं नियोजन एका साध्या हिशोबावर चालतं. जेनोवाच्या जुन्या गल्लीतल्या कॉफी बारमध्ये टॉयलेट असतं एक. माणसं चोवीस. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी अठ्ठेचाळीस मिनिटं. नेटवर ‘जेनोवा एका दिवसात’ म्हणून जे कार्यक्रम सापडतात, ते एका माणसाने एका माणसासाठी लिहिलेले असतात. त्यात ही अठ्ठेचाळीस मिनिटं नसतात. गुडघे धरून थांबलेल्या काकू नसतात, आणि ‘हे मॅग्नेट केवढ्याला?’ विचारायला मागे राहिलेले काकाही नसतात. म्हणून तुमची यादी आधी निम्मी करा. उरलेल्या निम्म्यातलंही एखादं गळेल, ते मनाशी धरूनच निघा.

दुसरं, जेनोवा हे उभं शहर आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर कोंबून बसवलंय. जागा पुरली नाही म्हणून ते डोंगरावर चढत गेलं. नकाशात तीनशे मीटर दिसणारी जागा प्रत्यक्षात शंभर पायऱ्या वर असू शकते. गंमत म्हणजे शहरानेच त्यावर उपाय केलाय: रस्त्यावरच्या सार्वजनिक लिफ्ट आणि दोरावर ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर गाड्या. बसमध्ये बसावं तसे लोक लिफ्टमध्ये शिरतात. तुमच्या मंडळींना चर्च आणि राजवाड्यांपेक्षा हीच गोष्ट जास्त लक्षात राहील, पैजेवर सांगते.

ट्रेन की बस? मी ट्रेन घेईन. मिलानो चेंत्रालेहून जेनोवा पियात्सा प्रिंचिपेला दीड ते दोन तास लागतात आणि गाडी तुम्हाला शहरात आणून सोडते. बसने अंतर साधारण दीडशे किलोमीटर. पण मिलानहून येणारा ए-सात महामार्ग सेर्रावाल्ले सोडला की डोंगरात शिरतो आणि पार जेनोवापर्यंत वळणं घेत उतरतो. आपल्या मंडळींना घाट नवा नाही, तरी पोटभर हॉटेलचा नाश्ता करून मागच्या सीटवर बसलेल्यांची काय अवस्था होते ते मी पाहिलंय. शिवाय मोठी बस जुन्या शहरात शिरत नाही. माणसं कुठे उतरवायची आणि गाडी कुठे उभी राहायची, हे ठरलेलं असतं. ते बस कंपनीकडून लेखी घ्यावं लागतं.

बस घेतलीच तर ड्रायव्हरचं घड्याळ समजून घ्या. युरोपच्या नियमानुसार तो सलग साडेचार तासांपेक्षा जास्त गाडी हाकू शकत नाही, मग ४५ मिनिटं विश्रांती. दिवसाचं ड्रायव्हिंग साधारण ९ तास. आणि २४ तासांत साधारण ११ तास सलग झोप-विश्रांती. म्हणजे त्याचा दिवस गॅरेजमधून निघाल्यापासून तेरा तासांत संपायला हवा. ‘आणखी एक तास थांबू या ना, त्याला टिप देऊ’ हे इथे चालत नाही. सगळं त्याच्या गाडीतल्या यंत्रावर नोंदलं जातं आणि दंड त्याला होतो.

ट्रेनमध्ये दोन गोष्टी सांभाळा. इंटरसिटीची जागा राखीव असते, त्यामुळे चोवीस तिकिटं एकत्र हवी असतील तर लवकर काढा. प्रादेशिक गाडीत जागा राखीव नसते आणि कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यावं लागतं. मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करावं लागतं. तिकीट खिशात असून दंड भरणारे पर्यटक दर मोसमात दिसतात. आणि ‘शोपेरो’ हा शब्द पाठ करा, म्हणजे संप. इटलीत तो आधी जाहीर करून होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा ठेवावी लागते. ठरवलेल्या तारखेला संप आहे का, हे आदल्या आठवड्यात पाहून ठेवा.

वार निवडताना सोमवार टाळा, स्त्रादा नुओव्हा या रस्त्यावरची संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर हवामानाचा इशारा पाहायचा: पिवळा, केशरी, लाल. डोंगरातलं पाणी थेट शहरात उतरतं. २०११ आणि २०१४ च्या पुरांनंतर तिथले लोक लाल इशाऱ्याची चेष्टा करत नाहीत. लाल असेल तर मिलानमध्येच पत्ते खेळत बसा.

आता दिवस. आठच्या आसपास मिलान सोडा, म्हणजे दहाच्या आत प्रिंचिपेला. उतरल्या उतरल्या स्टेशनवरच टॉयलेट उरका. फलाट सोडण्याआधी माणसं मोजा. माझी पद्धत शाळेच्या सहलीची: प्रत्येकाला एक नंबर, आणि नंबर पुकारायचे. सुरुवातीला थोडी हसाहशी होते. पण निवृत्त बँक मॅनेजरसुद्धा दुपारपर्यंत ‘सतरा!’ असं खणखणीत ओरडायला लागतात.

स्टेशनसमोरून विया बाल्बी रस्ता उताराने नुन्त्सियाताच्या चौकात येतो. ज्यांचे गुडघे अगदीच कुरकुरतात त्यांना स्टेशनवरूनच टॅक्सीने पुढे पाठवा, त्यात कमीपणा वाटू देऊ नका. चौकाजवळच्या विया लोमेल्लिनीमध्ये इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याचं जन्मघर आहे, १८०५ चा जन्म. आता तिथे इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय आहे. मुद्दाम सांगते, कारण इटालियन पर्यटकांचे गट बहुतेक थांबत नाहीत, मराठी ज्येष्ठांचा गट हमखास थांबतो. सावरकरांनी मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं ते १९०७ साली. त्या पिढीला हे नाव घरात ऐकून माहीत असतं. एकदा एका आजोबांनी त्या दारासमोर चप्पल काढली होती. आत न जाता बाहेरूनच दहा मिनिटं द्या, पुरतात.

पुढे विया कायरोली आणि मग विया गारिबाल्दी, म्हणजेच स्त्रादा नुओव्हा. रस्ता छोटा, सपाट, गाड्या नाहीत, दोन्ही बाजूंना सोळाव्या शतकातल्या सावकारांचे वाडे. यांना ‘रोल्ली’चे वाडे म्हणतात. रोल्ली म्हणजे याद्या. जेनोवाच्या प्रजासत्ताकाला राजवाडा नव्हता, म्हणून बाहेरचा राजा-राजदूत आला की यादीतल्या एका श्रीमंताच्या घरी त्याला उतरवायचा. सरकारी पाहुणा, खर्च यजमानाचा! असे ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आत जायचं तर एकच निवडा. मी तुर्सी निवडते, कारण तिथे नामवंत व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे. तो जेनोवाचाच, जन्म १७८२. १७४३ साली ग्वार्नेरीने घडवलेल्या त्या व्हायोलिनचा आवाज एवढा दणदणीत की पागानिनीने त्याचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं. गटात गाण्यातलं कुणी असेल तर तिथून हलत नाही.

रस्ता संपला की जवळच पियात्सा पोर्तेल्लो आणि कास्तेल्लेत्तोची लिफ्ट. फरशा लावलेल्या बोगद्यातून आत चालत जायचं आणि वर बाहेर पडायचं ते थेट शहराच्या डोक्यावर. पाटीच्या दगडाची करडी छपरं, मधूनमधून मनोरे, त्यामागे क्रेनचं रान, आणि उजवीकडे दूर लांतेर्ना हे दीपगृह. आताचा बुरूज १५४३ चा, उंची सुमारे ७७ मीटर. चोवीस जण एका फेरीत मावणार नाहीत. पहिल्या फेरीत जबाबदार माणूस वर पाठवा, शेवटच्या फेरीत तुम्ही जा. वर बाक आहेत, अर्धा तास बसू द्या. मिलानहून इथवर आलो ते कशासाठी, हे इथे कळतं.

खाली आलात की पियात्सा दे फेर्रारीचं कारंजं बघत सान लोरेन्त्सोच्या कॅथेड्रलकडे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दर्शनी तोंड सगळेच टिपतात. आत उजव्या बाजूला एक तोफगोळा ठेवलाय तो चुकवू नका. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश युद्धनौकांनी शहरावर मारा केला, तेव्हा हा गोळा भिंत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. आपल्याकडे असता तर शेंदूर लावला असता. कोलंबसचं घर म्हणून जे दाखवतात ते पोर्ता सोप्राना या वेशीजवळ आहे. ते अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे, आणि आत चोवीस जणांना उभं राहायला जागा नाही. बाहेरून हात दाखवून पुढे चला.

इथे एक कायदेशीर बाब. इटलीत स्थळांची माहिती गटाला सांगायला परवानाधारक गाइड लागतो. माझ्यासारख्या सोबत नेणाऱ्या टूर मॅनेजरलाही ते करता येत नाही. सकाळच्या तीन तासांसाठी गाइड घ्या आणि सोबत कानात घालायचे हेडसेट मागवा. गल्ल्यांमध्ये ओरडून बोललेलं चौथ्या माणसाच्या मागे पोहोचत नाही.

या गल्ल्यांना ‘कारुज्जी’ म्हणतात. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा काही आहेत. वर सात मजले आणि मध्ये आभाळाची फीत. त्यांत मोबाइलचा नकाशा भरकटतो. शिवाय तिथे घरनंबर दोन प्रकारचे असतात, काळे राहत्या घरांचे आणि लाल दुकानांचे. एकाच रस्त्यावर काळा ३१ आणि लाल ३१ असे दोन्ही असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. लाल नंबर कागदावर लिहिताना पुढे ‘आर’ लावतात. सुरुवातीच्या एका खेपेला तो ‘आर’ मी छपाईची चूक समजले. बावीस भुकेली माणसं घेऊन काळ्या ३१ च्या दारात उभी राहिले, बेल वाजवली. वरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईंनी डोकावून पाहिलं, आमच्याकडे नीट बघितलं आणि कंटाळलेल्या हाताने रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. आमच्यासारखे त्यांनी बरेच पाहिले असावेत. मागून एक काकू म्हणाल्या, ‘अगं, यांच्याकडेच जेवलो असतो.’ तेव्हापासून जेवणाच्या जागी मी आदल्या दिवशी माणूस पाठवते, नाहीतर दाराचा फोटो मागवते.

जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं, तुमचे कितीही जण उपाशी असोत. चोवीस जणांना गल्लीतल्या खानावळीत ऐनवेळी जागा मिळत नाही. आधी टेबल सांगा, ठरलेला मेनू सांगा, बिल एकच घ्या आणि वर्गणी मिलानमध्येच गोळा करा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी रक्कम दिसेल, ती टेबलावर बसण्याची. भांडू नका.

शाकाहाराच्या बाबतीत जेनोवा म्हणजे नशीब आहे. तिथे फारिनाता म्हणून पदार्थ मिळतो: चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. संपलं. पीठ काही तास भिजवून ठेवतात, वर आलेला फेस काढून टाकतात, आणि मोठ्या परातीएवढ्या कल्हईच्या तांब्याच्या थाळ्यात पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत सारतात. बाहेर येते ती वरून सोनेरी, कडेला कुरकुरीत, आत मऊ, धिरडं आणि पाटवडी यांच्या मधली. वरून मिरपूड. पहिला घास खाल्ला की टेबलावर शांतता पसरते आणि मग कोणीतरी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढतं. वाढणारा काही म्हणत नाही. जैन मंडळींसाठी हीच खरी सोय आहे, फक्त साधी मागा, कारण कांदा घातलेली आणि बारीक मासळी घातलेलीही असते.

पेस्तो, म्हणजे बेझिलची हिरवी चटणी, मात्र जपून. त्यातली बेझिल म्हणजे आपला सब्जा ज्याचं बी तीच वनस्पती. पण सोबत लसूण असतो, आणि पार्मिजानो, पेकोरिनो ही चीज वासराच्या-कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, केलेली असतात. हे कडक शाकाहारी मंडळींना आधी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. मागाहून कळलं तर सहलीचा विचका होतो. शिवाय पेस्तोच्या पास्तात रीतीने बटाटा आणि फरसबीच्या शेंगा घालतात, म्हणजे जैनांना दोनदा नाही. त्रोफिए हा वळलेला पास्ता पीठ-पाण्याचा असतो. पान्सोती हा सारण भरलेला पास्ता, अक्रोडाच्या सॉसमध्ये मस्त लागतात, पण सारणात अंडं असतं. फोकाच्चा, म्हणजे भट्टीतला चपटा पाव, साधी घ्या आणि दुकानात ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, नाही ना ते विचारा. खरी जेनोवाची फोकाच्चा ऑलिव्ह तेलाची. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच म्हटलं तर मासे चालतात असं समजणारे वाढपी अजून भेटतात, म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओव्हा’ असं तिन्ही म्हणा: मांस नको, मासा नको, अंडं नको.

जेवून खाली बंदरावर. वाटेत सोत्तोरिपाच्या कमानी आणि भित्तिचित्रांनी रंगलेला पालात्सो सान जोर्जो लागतो. १२६० च्या सुमाराचा. १२९८ मध्ये मार्को पोलो जेनोवाच्या कैदेत होता आणि याच इमारतीत होता असं परंपरेने सांगतात. कोठडीतल्या सोबत्याला, पिसाच्या रुस्तिकेल्लोला, त्याने आपला प्रवास सांगितला. त्यात ‘ताना’ राज्याचं, म्हणजे ठाण्याचं वर्णन आहे: चामडं, धूप, सुती कापड, आणि चाच्यांशी साटंलोटं करून त्यांच्याकडून घोडे घेणारा राजा. ही गोष्ट तुमच्या ठाणेकरांना इमारतीसमोर उभं करून सांगा. चर्चा खाडीपर्यंत जाईल.

आता निराशेची तयारी. मंडळी विचारणार, ‘समुद्र कुठाय?’ बंदर आणि शहर यांच्या मधून १९६० च्या दशकातला उंच फ्लायओव्हर जातो, पलीकडे धक्के, क्रूझ जहाजं, कंटेनर. मुंबईकराला बॅलार्ड पिअरची आठवण येईल, चौपाटीची नाही. १९९२ च्या प्रदर्शनासाठी इथल्याच रेन्त्सो पियानो या वास्तुकाराने जुनं बंदर पुन्हा मांडलं, मत्स्यालयही तेव्हाचंच. ते मोठं आणि चांगलं आहे, पण अडीच तास खातं, आणि नातवंडं सोबत नसतील तर मी नेत नाही. तासभर धक्क्यावर फिरा, कॉफी घ्या, पुरे.

समुद्रासाठी नेर्व्हीला जा. बहुतेक जण बोक्कादास्से सुचवतील. रंगीत घरं, गोट्यांचा किनारा, सुंदर आहे. पण तिथे शहर बसने जावं लागतं, चोवीस जण एका गर्दीच्या बसमध्ये शिरत नाहीत, आणि किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या आहेत. नेर्व्हीला लोकल ट्रेन जाते आणि स्टेशनच्या अगदी जवळून समुद्रकाठची पायवाट सुरू होते. खडकात कोरलेली, सुमारे दोन किलोमीटर, कठडा आहे, बाक आहेत, एका बाजूला सरळ निळा समुद्र. इटलीच्या स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी गारिबाल्दी याच्या बायकोचं, अनिताचं, नाव तिला दिलंय. ज्याला चालायचंय तो चालेल, ज्याला बसायचंय तो बसेल, आणि कोणीही हरवणार नाही कारण रस्ता एकच आहे. दीड तास मोकळा सोडा. दिवसभरात ‘आता तुम्ही तुमचे’ असं मी फक्त इथेच म्हणते.

परतीला शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीच्या दोन गाड्या हाताशी ठेवा. नेर्व्हीहून जेनोवाच्या ब्रिन्योले स्टेशनला या, मिलानची गाडी तिथून नाहीतर प्रिंचिपेहून मिळेल. कोणत्या स्टेशनहून, हे प्रत्येकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर मराठीत आणि इटालियनमध्ये लिहिलेलं असू दे, तुमच्या फोन नंबरासकट. दोन स्टेशनांचा घोळ करून माझा एक गट एकदा निम्मा निम्मा झालाय. फलाटावर पाकीट पुढच्या खिशात, पर्स पोटावर, विशेषतः प्रिंचिपेच्या आसपास.

गाडीत खायला म्हणून साधी फोकाच्चा दुपारीच कागदात बांधून घ्या, रात्रीपर्यंत टिकते. फारिनाता घेऊ नका. तासाभरात चामड होते, आणि मग चोवीसही जण तुम्हालाच नावं ठेवतील.